जुनी डिझेल पिकअप सकाळी उठत नाही? आधी एअर शोधा, पंपाला हात नंतर

टाटामोबाईल २०६, जुनी २०७, प्यूजो इंजिनाची महिंद्रा. घरच्या घरी रिस्टोअर करून उभी केलेली गाडी, चेसिसला नवा रंग, हौद ठोकून सरळ केलेला, सीटला नवी कव्हरं. सगळं झकास, फक्त सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसते. ही तक्रार घेऊन माणूस येतो तेव्हा त्याच्या खिशात बहुतेक वेळा पंप-नोझलच्या, म्हणजे इंजिनात दाबाने डिझेल फवारणाऱ्या भागांच्या, कामाचं एस्टिमेट असतं. थांबा. अशा गाड्यांत पंप क्वचित दोषी निघतो. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत, जोडात, नाहीतर वायसरात कुठेतरी गाडी एअर धरत असते.

हा कुठल्या कंपनीचा दोष नव्हे, वयाचा आहे. टाटामोबाईल आली १९८८ मध्ये. तिचं १९४८ सीसीचं ४८३ इंजिन (चार सिलिंडर, ८३ मिमी बोअर, म्हणून ४८३) पुढे टाटाच्याच सिएरा आणि इस्टेट या गाड्यांतही आलं. त्या काळातलं रबर आज काचेसारखं कडक झालेलं असतं. त्यामुळे सिएरा आणि इस्टेटवाल्यांनाही पुढचं सगळं लागू आहे.

लक्षणं

रात्रभर उभी राहिली की पहिला सेल्फ लांबतो. एकदा चालू झाली की दिवसभर अर्ध्या सेल्फमध्ये उठते.

चालू होते, थोडा वेळ नीट चालते, मग भकभक करून बंद पडते. फिल्टरमध्ये उरलेलं डिझेल तेवढं जळतं आणि मागून एअर येते.

हँड पंप (लाईनमध्ये डिझेल हाताने भरायचा छोटा पंप) मारला की लगेच उठते.

टाकी अर्ध्याच्या खाली गेली की त्रास वाढतो, फुल केली की आठवडाभर तक्रार नाही.

चढावर लोडमध्ये दम तोडते.

आणि गाडीखाली डिझेलचा एक थेंबही दिसत नाही. लोक फसतात ते इथेच. गळत नाही म्हणजे जोड चांगले, असं धरून चालतात. पण टाकी खाली आणि पंप वर, म्हणजे मधली लाईन ओढणीवर चालते. उसाचा रस चिरलेल्या स्ट्रॉने ओढून बघा: रस बाहेर सांडत नाही, तोंडात हवा येते. इंजिन बंद झालं की त्याच चिरेतून हवा आत शिरते आणि लाईनमधलं डिझेल रात्रभरात मागे टाकीत उतरतं. सकाळी पंपाला ओढायला हवाच मिळते.

पाना हातात घेण्याआधी

कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही सायलेन्सरजवळ उभे राहा. या एका तपासणीने अर्धं निदान होतं.

सेल्फ जोरात फिरतोय पण धूरच नाही, म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचत नाही. हा लेख तुमच्यासाठी. पांढरा धूर येतोय आणि गाडी उठत नाही, म्हणजे डिझेल पोचतंय पण जळत नाही. तिथे हीटर प्लग (सुरू करण्याआधी सिलिंडर तापवणारे), सेल्फचा वेग आणि कॉम्प्रेशन बघायचं. नळ्यांत वेळ घालवू नका.

सेल्फच मंद फिरत असेल तर आधी तो सोडवा. बॅटरी रात्रभर स्वस्थ राहिल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास हवी आणि सेल्फ फिरताना ९.६ च्या खाली जाता कामा नये. बॅटरी चांगली असूनही सेल्फ रडत असेल तर अर्थिंग बघा. रिस्टोअर केलेल्या गाडीत हे हमखास सापडतं: चेसिसला नवा रंग किंवा पावडर कोटिंग होतं आणि अर्थची पट्टी त्या रंगावरच कसली जाते. पट्टीखालचा रंग पॉलिश पेपरने खरवडून लखलखीत धातू काढा, पट्टी कसा, वरून ग्रीस लावा. इंजिन ते चेसिस ही दुसरी पट्टीही बघा. इंजिन उतरवून परत बसवताना ती बऱ्याचदा खोक्यातच राहते.

हीटर तपासायचा सोपा मार्ग: त्यांना जोडणारी पट्टी सोडा, टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं हीटरच्या टोकाला लावा. दिवा लागला तर हीटर जिवंत आहे, नाही लागला तर मेलेला. काही फार जुन्या इंजिनांत हीटर एकापाठोपाठ एक, सिरीजमध्ये जोडलेले असतात. त्यातला एक गेला की सगळे बंद. अशा हीटरला थेट १२ व्होल्ट देऊ नका, क्षणात जळतो.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

संध्याकाळी गाडी उतारावर लावा, तोंड खाली, टाकीची बाजू वर. चाकांना दगड. सकाळी पहिल्या सेल्फला उठली, आणि दुसऱ्या दिवशी तोंड वर करून लावल्यावर रडली, तर एअरचा संशय पक्का. उतार मिळत नसेल तर टाकी फुल करून एक रात्र बघा. मात्र फुल टाकीने तक्रार पूर्ण गेली तर ती दुरुस्ती समजू नका. दोष टाकीच्या आतल्या नळीत असू शकतो, त्याबद्दल पुढे.

मग टाकीचं झाकण. गाडी थोडं अंतर चालून दम तोडत असेल तर थांबून झाकण उघडा. आत हवा ओढल्याचा ‘फुस्स’ आवाज आला तर झाकणाचं किंवा टाकीचं श्वासाचं भोक बुजलंय. जुन्या झाकणाला नव्या रंगाचा कोट मारताना ते भोक बुजतं. शोभेचं क्रोम झाकण बसवणाऱ्यांनीही बघा, त्यातल्या काहींना भोकच नसतं.

रोटरी पंप असेल तर चावी ऑन-ऑफ करा आणि पंपाच्या मागच्या बाजूला कान द्या. स्टॉप सोलेनॉइडचा (चावी बंद केली की डिझेल अडवणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) ‘टक’ असा आवाज यायला हवा. नाही आला तर आधी वायर बघा. नव्या वायरिंगमध्ये ही एकटी वायर विसरलेली असते आणि लोक डिझेल कुठे अडकलं ते शोधत बसतात.

तुमच्या गाडीत कुठला पंप आहे

इथून पुढे हे कळल्याशिवाय जाऊ नका. इतक्या वर्षांत आधीच्या मालकाने काय बसवलंय सांगता येत नाही, म्हणून पुस्तकावर विसंबू नका, बोनेट उघडून बघा.

इनलाइन पंप लांबट असतो, वर चार नळ्या एका ओळीत. त्याच्या कुशीत टाकीतून डिझेल ओढणारा वेगळा फीड पंप असतो आणि हँड पंपाचा दट्ट्या त्याच्यावरच. डिझेल टाकीतून फीड पंपात, तिथून फिल्टरमध्ये आणि मग मोठ्या पंपात जातं. म्हणजे इंजिन चालू असताना फिल्टर दाबाखाली असतो.

रोटरी पंप गोल असतो, चार नळ्या मागे वर्तुळात. ओढणारा पंप त्याच्या पोटात असतो आणि हँड पंप बहुधा फिल्टरच्या डोक्यावर. इथे फिल्टरही ओढणीवर. फिल्टरची रिंग ढिली असली तर इनलाइनवाल्या गाडीत डिझेल पाझरतं, रोटरीवाल्या गाडीत मात्र हवा आत जाते आणि बाहेरून फिल्टर कोरडा ठणठणीत दिसतो.

फिल्टर

दोन भांड्यांचा फिल्टर असेल तर पहिल्यात कापडी आणि दुसऱ्यात कागदी एलिमेंट. एलिमेंट बदलताना जुनी रबर रिंग वरच्या खाचेत चिकटून राहते आणि नवी तिच्यावरच बसते. भांडं घट्ट बसल्यासारखं वाटतं, पण दोन रिंगांमधून हवा येत राहते. टोकदार पिनेने खाच पूर्ण साफ करा, पिनेला काळा चुरा लागायचा थांबेपर्यंत. रिंगेला डिझेलचं बोट फिरवून बसवा. मधल्या लांब बोल्टखालचा वायसर आणि वरच्या एअर स्क्रूचा वायसरही त्याच वेळी बदला. भांड्यात पाणी किंवा गंजाचा तांबूस गाळ दिसला तर टाकी साफ करायची पाळी आलीये, नाहीतर नवा एलिमेंटही लवकरच तुंबेल.

जुना तांब्याचा वायसर पुन्हा वापरायचा असेल तर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका. तांबं नरम होतं आणि बसतं. पण नवा वायसर इतका स्वस्त आहे की मी तापवत बसत नाही. बॅन्जो बोल्टला (ज्याच्या पोकळ पोटातून डिझेल जातं तो) दोन्ही बाजूंनी वायसर लागतो. एकच घालून पाना जोरात मारला तर बोल्टचे आटे तेवढे जातात.

होज आणि क्लिपा

बोटांनी होज दाबा आणि वाकवा. कडक, चकचकीत किंवा टोकाला बारीक चिरा असतील तर बदला. दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका. डिझेलसाठीचीच होज घ्या. बागेच्या नळासारखी पारदर्शक नळी डिझेलमध्ये आधी फुगते, मग कडक होऊन टोकाला सैल पडते. कस्टम केलेल्या गाड्यांत ती छान दिसते म्हणून कायमची लावलेली असते, ती काढा.

क्लिप होजच्या मापाची हवी. मोठी क्लिप बारीक होजवर आवळली की ती लंबगोल होते, दोन बाजूंनी दाबते आणि दोन बाजूंनी जागा सोडते. आणि ज्या धातूच्या टोकावर होज चढते ते टोकही बघा. त्यावर गंजाचे खड्डे किंवा रंगाचे ओघळ असतील तर नवी होजसुद्धा हवा घेईल.

हौद उतरवून बसवला असेल तर चेसिसला धरून जाणारी लोखंडी नळी हाताने चाचपत जा. क्लॅम्पखाली, जिथे पाणी साचतं, तिथे ती गंजून सुईच्या टोकाएवढं भोक पाडते. नवी टाकायची तर लोखंडीच टाका. तांब्याची नळी वाकवायला सोपी म्हणून लोक घालतात, पण हादऱ्यांनी ती कडक होऊन चिरते आणि तांब्याच्या संगतीत डिझेलही लवकर खराब होतं.

पारदर्शक नळी आणि कॅन

एवढ्याने सुटलं नाही तर आता दोष कुठल्या टप्प्यात आहे ते पकडायचं.

आधी मोठ्या पंपाच्या तोंडाशी वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती बसवा, नीट क्लिपा लावून. इंजिन चालू करून नळीवर टॉर्च मारा. सुरुवातीला बुडबुडे येणारच, लाईन नुकतीच उघडलीये. पण दहा मिनिटांनंतरही मण्यांच्या माळेसारखे सारखे येत असतील तर एअर आत येतेय. नळी टप्प्याटप्प्याने मागे नेत जा: फिल्टरच्या आधी, फीड पंपाच्या आधी. जिथे बुडबुडे दिसायचे थांबले ती जागा आणि त्याआधी तपासलेली जागा, यांच्या मधे चोर आहे.

बुडबुडे दिसत नाहीत पण सकाळी लाईन रिकामी असते, अशा गाडीला कॅन. पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये गाळलेलं डिझेल घ्या आणि नव्या होजने फीड पंपाच्या तोंडाला द्या (रोटरी असेल तर हँड पंप किंवा फिल्टरच्या तोंडाला). रिटर्नची (उरलेलं डिझेल परत टाकीत नेणारी) नळीही त्याच कॅनमध्ये सोडा. आता कॅन कुठे ठेवायचा? बहुतेक जण बोनेटजवळ उंचावर बांधतात, गाडी उठते, आणि टाकीकडची लाईन खराब असा निकाल देऊन मोकळे होतात. तो निकाल अर्धाच. कॅन वर असला की डिझेल आपल्या वजनाने खाली येतं, मग फिल्टरची रिंग फाटलेली असली तरी गाडी उठणारच.

म्हणून दोनदा करा. पहिल्या रात्री कॅन खाली, टाकीच्या पातळीला ठेवा. सकाळी पहिल्या सेल्फला उठली तर दोष टाकी आणि तिच्या लाईनमध्ये. नाही उठली तर फिल्टर, फीड पंप किंवा रिटर्नकडे. दुसऱ्या वेळी कॅन उंच बांधा, सगळे जोड कापडाने कोरडे करा आणि त्यांच्यावर टाल्कम पावडर भुरभुरवा. आता लाईन दाबाखाली आहे, त्यामुळे जिथून हवा आत जात होती तिथून डिझेल बाहेर येईल. पांढऱ्या पावडरीत तेलकट करडा ठिपका उमटतो. थेंब पडायची वाट बघावी लागत नाही.

हे करताना गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, कॅन दोरीने बांधलेला. कॅन लावून रस्त्यावर जायचं नाही. आणि शोध लागावा म्हणून टाकीत कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच भरू नका, जुन्या टाकीच्या शिवणी उघडतात.

टाकीतली नळी

टाकी अर्ध्याखाली गेल्यावरच त्रास होत असेल तर टाकीत उतरणारी ओढणीची नळी बाहेर काढून उजेडात बघा. ती डिझेलच्या पातळीच्या वर, म्हणजे जिथे हवा आणि ओल दोन्ही असतात, तिथेच कुजते. एका टोकाला बोट लावून दुसऱ्या टोकातून फुंका, तोवर नळी पाण्यात बुडवलेली हवी. भोक लगेच दिसतं. खालच्या जाळीत गंज आणि जुन्या सीलंटचे पापुद्रेही अडकतात. टाकीला आतून कोटिंग करून घेतलं असेल आणि ते सुटत असेल तर गाडी कधी चालेल, कधी नाही. वाहनाला वेड लागलंय असं वाटतं, पण पापुद्रा जाळीवर येऊन बसतो आणि इंजिन बंद पडलं की सुटून खाली जातो, एवढंच.

रिटर्न लाईन

इकडे कोणी बघत नाही. नोझलवरून जाणारी बारीक, सुती वीण असलेली नळी कडक झाली की तिथूनही हवा शिरते. शेवटच्या नोझलवरची बंद टोपीही बघा. हातभर नळी आणि एक टोपी, सगळं बदलायला चहा पिण्याएवढाही वेळ लागत नाही.

रोटरी पंपाचे दोन बॅन्जो बोल्ट दिसायला सारखे असतात, पण रिटर्नच्या बोल्टला आत बारीक भोक असतं आणि डोक्यावर ‘आउट’ कोरलेलं असतं. साफसफाईत त्यांची अदलाबदल झाली तर पंपाच्या पोटातला दाब बिघडतो आणि चांगला पंप आजारी दिसतो. पंपाला नावं ठेवण्याआधी हे दोन बोल्ट बघा.

हँड पंप आणि फीड पंप

हँड पंप दाबल्यावर हाताला जोर लागत नसेल किंवा दट्ट्याभोवती ओल येत असेल तर तो नवा घ्या. जुन्या बाजारातून दाराचं हँडल, दिव्याची काच खुशाल आणा, हँड पंप नको. फीड पंपातल्या छोट्या व्हॉल्व्हखाली कचरा अडकला तर डिझेल परत मागे जातं. व्हॉल्व्ह काढून स्वच्छ डिझेलमध्ये धुणं घरी होतं, फक्त स्प्रिंग कुठली कुठे होती त्याचा फोटो आधी काढा.

या टप्प्यावर कोणीतरी हमखास सुचवतं: टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप लावून टाक, कटकट मिटेल. मिटते. पण भोक तसंच राहतं आणि ओढणीची लाईन दाबाची होते. आत हवा घेणारी चीर आता बाहेर डिझेल टाकते, कदाचित सायलेन्सरच्या पाईपवर. आधी चीर बंद करा, मग शोभेला काय लावायचं ते लावा.

एअर काढणे

प्रत्येक जोडकामानंतर: फिल्टरवरचा एअर स्क्रू ढिला करा, फेस जाऊन सलग धार येईपर्यंत हँड पंप मारा, धार चालू असतानाच स्क्रू कसा. मोठ्या पंपावरही तसंच. हँड पंपाचा दट्ट्या आटे फिरवून परत बंद करायला विसरू नका. तरीही न उठल्यास दोन नोझलचे नट अर्धा आटा ढिले करून, वर जाड कापड टाकून सेल्फ मारा. दहा सेकंदांच्या वर सलग नको, मधे मिनिटभर विश्रांती. डिझेल आलं की नट कसा.

इथे थांबा

चालू इंजिनात किंवा सेल्फ फिरताना नोझलच्या नळीजवळ बोट नेऊ नका. तिथला दाब शंभर बारच्या वर असतो, बारीक फवारा कातडीत घुसतो. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते आणि दुखतही नाही, पण तिथून थेट हॉस्पिटलमध्ये जायचं. संध्याकाळपर्यंत बघू, असं नाही.

ऑइलची पातळी आपोआप वाढतेय आणि कांडीला डिझेलचा वास येतोय? इंजिन चालू करू नका. डिझेल कुठल्यातरी सीलमधून चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळातल्या ऑइलच्या भांड्यात, उतरतंय. ऑइल पातळ होऊन बेअरिंग जातात, आणि इंजिन तेच ऑइल ओढून चावी बंद करूनही धावत सुटू शकतं. टो करून न्या.

टाकीला भोक असेल तर घरी वेल्डिंग नाही, रिकामी असली तरी नाही. रिकाम्या टाकीतली वाफच पेट घेते. रेडिएटर आणि टाक्यांचं काम करणाऱ्याकडे द्या, त्याच्याकडे धुऊन वाफा काढायची सोय असते.

पांढरा धूर, हीटर ठीक, सेल्फ जोरात, तरी गाडी उठत नाही, तर फिटरकडून कॉम्प्रेशन मोजून घ्या आणि नोझल टेस्टरवर लावून घ्या.

आणि पंप. पंपाच्या तोंडाशी बुडबुड्याविना डिझेल येतंय, सोलेनॉइड टकटकतोय, तरी ढिल्या नटातून काही येत नाही, तेव्हा पंपवाल्याकडे जायची वेळ. घरी पंप उघडू नका, आतल्या भागांची बसणी मिलिमीटरच्या हजाराव्या भागात असते आणि कॅलिब्रेशन बेंचशिवाय ते जुळत नाही. पंप इंजिनवरून उतरवायचं काम शक्यतो त्यालाच करू द्या. तुम्हीच उतरवणार असाल तर आधी पंपाच्या फ्लँजवर आणि इंजिनाच्या अंगावर एकच सरळ रेघ छिन्नीने मारून ठेवा, मार्कर पेनाची खूण डिझेलने पुसली जाते. सोबत कॅनच्या दोन्ही रात्रींचा निकाल कागदावर लिहून द्या. तो वाचणारा पंपवाला मिळाला तर काम त्यालाच द्या.